लिम्फोमाची गाठ केमोला दाद देते की नाही, त्यात जीन्सचा हात किती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या बाबांना लिम्फोमा (पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर, ज्यात मानेत, काखेत वगैरे गाठी येतात) झाला तेव्हापासून ओळखीतल्या, मग ओळखीच्यांच्या ओळखीतल्या पेशंटच्या घरच्यांचे फोन यायला लागले आणि प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. बाबांच्या आजारपणात जे वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलं तेच इथे आहे, निर्णय मात्र तुमच्या हिमॅटॉलॉजिस्ट (रक्ताच्या आजारांचे डॉक्टर) किंवा ऑन्कोलॉजिस्टनेच (कॅन्सरचे डॉक्टर) घ्यायचा.

शेजारच्या काकांना पण लिम्फोमाच होता, तीच केमो, तितकेच डोस. ते ठणठणीत झाले आणि आमच्या बाबांची गाठ चौथ्या महिन्यात परत वर आली. असं कसं होतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि यामागे बऱ्याचदा एक दुखणं असतं की आमचंच काहीतरी चुकलं, खाण्यापिण्यात, पथ्यात. तर आधी ते मनातून काढा.

"तीच केमो" म्हणजे बहुतेक वेळा आर-चॉप. रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन (ते लाल औषध), विनक्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, दर २१ दिवसांनी एक सायकल, साधारण सहा सायकल. डीएलबीसीएल नावाचा जो सगळ्यात जास्त आढळणारा लिम्फोमा आहे त्यात या उपचाराने १०० पैकी साधारण ६० ते ६५ जण कायमचे बरे होतात, आणि उरलेल्यांची गाठ एकतर पूर्ण विरघळत नाही किंवा विरघळून परत येते. म्हणजे रिपोर्टवर नाव एकच असलं तरी आतला आजार एकच नसतो. हे पहिल्यांदा नीट दिसलं २००० साली, अमेरिकेतल्या संशोधकांनी या गाठींमधले हजारो जीन्स एकदम तपासले आणि कुठले चालू आहेत, कुठले बंद हे बघितलं, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारख्या दिसणाऱ्या गाठी सरळ दोन गटांत पडल्या आणि त्या दोन गटांतल्या पेशंटचं पुढे काय झालं त्यातही मोठा फरक निघाला. २०१८ मध्ये आणखी खोलात जाऊन चार-पाच उपप्रकार वेगळे काढले गेले. तेव्हा काकांची गाठ आणि बाबांची गाठ या एका आडनावाच्या दोन वेगळ्या घरांसारख्या, आत काय चाललंय ते बाहेरच्या पाटीवरून कळत नाही.

जीन्स जीन्स म्हणतात ते नक्की कोणाचे? गाठीचे की माणसाचे?

दोन्हीचे, आणि इथेच सगळ्यांचा घोळ होतो. एक आहेत आपण आईवडिलांकडून घेऊन आलेले जीन्स, ते शरीराच्या प्रत्येक पेशीत असतात आणि साध्या रक्ताच्या किंवा थुंकीच्या नमुन्यातून तपासता येतात. दुसरे म्हणजे गाठीतल्या पेशींमध्ये नंतर, आयुष्यात कधीतरी झालेले बिघाड, ते फक्त गाठीच्या पेशींत असतात आणि बहुतेक वेळा गाठीच्या तुकड्यातून तपासले जातात. पहिल्यांवरून ठरतं की तुमचं शरीर औषध कसं पचवेल, कुठे त्रास होईल. दुसऱ्यांवरून ठरतं की गाठ औषधाला दाद देईल की नाही. लिम्फोमात आजच्या घडीला जास्त वजन दुसऱ्याला आहे, हे लक्षात ठेवा, पुढे पॅकेजवाल्यांचा विषय येईल तेव्हा उपयोगी पडेल.

रिपोर्टमध्ये "नॉन-जीसीबी" लिहिलंय. वाईट आहे का?

वर ज्या दोन गटांचं सांगितलं ते हेच, जीसीबी आणि एबीसी. जीन्सची ती मूळ महागडी तपासणी सगळीकडे होत नाही म्हणून २००४ पासून एक सोपी पद्धत वापरतात, गाठीच्या तुकड्यावर सीडी१०, बीसीएल६ आणि एमयूएम१ या तीन प्रथिनांसाठी डाग (रंग) देऊन बघतात आणि त्यावरून जीसीबी की नॉन-जीसीबी (म्हणजे ढोबळमानाने एबीसी) ते लिहितात. एबीसी प्रकारात पेशीला "जगत राहा, वाढत राहा" असं सांगणारी एक यंत्रणा कायम चालू राहते, त्यामुळे सरासरी बघितली तर आर-चॉपचा परिणाम तिथे कमी. पण सरासरी म्हणजे तुमचे बाबा नव्हेत! नॉन-जीसीबीवाले भरपूर जण आर-चॉपवरच बरे होतात, आणि बहुतेक ठिकाणी दोन्ही गटांना सुरुवात आर-चॉपनेच करतात, त्यामुळे डॉक्टरांनी वेगळं काही दिलं नाही म्हणजे दुर्लक्ष केलं असं नाही.

नवीन पर्याय आहे तो पोलाटुझुमॅबचा, त्यात विनक्रिस्टिन काढून त्या जागी हे औषध देतात. ८७९ पेशंटवर अभ्यास झाला, २०२२ मध्ये छापून आला, दोन वर्षांनी आजार न वाढता राहिलेले ७६.७ टक्के विरुद्ध आर-चॉपचे ७०.२ टक्के, आणि एबीसीवाल्यांना फायदा जास्त झालासा दिसला. पण जिवंत राहण्याच्या प्रमाणात दोन वर्षांपर्यंत फरक नव्हता आणि औषध खूप महाग आहे, तेव्हा घर गहाण टाकायच्या आधी डॉक्टरांशी शांतपणे बसून बोला. इब्रुटिनिब नावाची गोळी आर-चॉपला जोडून बघितली होती, त्यात साठीच्या आतल्या पेशंटना फायदा झाल्यासारखा दिसला पण साठीच्या वरच्यांना त्रासच इतका झाला की केमोचे डोस पूर्ण होईनात. म्हणजे जीन बघून औषध निवडलं तरी वय आडवं येतंच.

डबल हिट आणि डबल एक्स्प्रेसर एकच ना?

नाही नाही, आणि या दोघांच्या घोळात मी लोकांना रात्र रात्र रडताना बघितलंय. डबल हिट म्हणजे एमवायसी आणि बीसीएल२ हे दोन जीन्स आपल्या जागेवरून तुटून भलत्याच ठिकाणी जाऊन चिकटलेत. एमवायसी पेशीला पळवतो आणि बीसीएल२ तिला मरू देत नाही. केमो मुळात पेशीला इतकं जखमी करते की पेशी स्वतःहून मरते, आणि नेमकं तेच बीसीएल२ अडवतो, म्हणून साध्या आर-चॉपला ही गाठ नीट दाद देत नाही. डीएलबीसीएलसारख्या दिसणाऱ्या १०० गाठींत अशा पाच ते दहा असतात. ही तपासणी फिश टेस्टने होते, तिच्यात जीनच्या दोन बाजूंना दोन रंग लावतात आणि जीन तुटला असेल तर रंग एकमेकांपासून लांब दिसतात.

डबल एक्स्प्रेसर म्हणजे जीन्स जागेवरच आहेत, फक्त त्यांची प्रथिनं जास्त बनतायत, ते साध्या डागांवर कळतं. हे डबल हिटपेक्षा खूप जास्त लोकांत सापडतं आणि तेवढं कठीणही नसतं. रिपोर्टवर "एमवायसी ४० टक्क्यांच्या वर, बीसीएल२ ५० टक्क्यांच्या वर" असं दिसलं तर तो डबल एक्स्प्रेसर, फिश करून झाल्याशिवाय डबल हिट म्हणू नका. डबल हिटला बरेच डॉक्टर इपॉक नावाची केमो देतात, त्यात औषधं चार दिवस सलग थेंब थेंब चालू ठेवतात आणि पुढच्या सायकलचा डोस आधीच्या सायकलमध्ये काउंट (रक्तपेशींचं प्रमाण) किती पडले ते बघून ठरवतात.

आणि एक गोष्ट, कारण "वाईट जीन" हा शब्द ऐकून माणसं खचतात. बर्किट लिम्फोमा बघा, त्यातही एमवायसीच तुटलेला असतो, गाठ दोन-तीन दिवसांत डोळ्यांदेखत वाढते, आणि तरीही कडक केमो वेळेवर मिळाली तर, विशेषतः लहान मुलांमध्ये, बहुतेक जण बरे होतात. झपाट्याने वाढणाऱ्या पेशीवर केमो झपाट्याने काम करते. एका जीनच्या नावावरून निकाल लावायचा नसतो तो असा.

टीपी५३ म्हणजे काय आणि डॉक्टर त्याचं नाव घेताना गंभीर का होतात?

कारण केमोचं सगळं गणित त्याच्यावर उभं आहे. सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन ही औषधं पेशीच्या डीएनएला इजा करतात. इजा झाली हे ओळखून पेशीला "आता तू मर" असा हुकूम देण्यात या जीनचा मोठा वाटा असतो. तोच बिघडला असेल तर डीएनएचे तुकडे झाले तरी पेशी मुकाट्याने वाढत राहते, औषध आत पोचतंय, काउंट पडतायत, केस गेलेत, माणूस अर्धा झालाय आणि गाठ जागेवरच. मॅन्टल सेल नावाच्या लिम्फोमाच्या दुसऱ्या प्रकारात हे सगळ्यात ठळक दिसतं. सीएलएल किंवा एसएलएल (एकाच हळू वाढणाऱ्या आजाराची दोन रूपं, एक रक्तात जास्त, एक गाठींत) असेल आणि १७व्या क्रोमोझोमचा (जीन्स ज्यावर असतात तो धागा) १७पी हा भाग गळालेला असेल किंवा टीपी५३ बिघडलेला असेल तर जुनी केमो देण्यात अर्थच नाही, तिथे सरळ बीटीके (पेशीला जगायचा निरोप पोचवणारं प्रथिन) रोखणाऱ्या गोळ्या किंवा बीसीएल२ रोखणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्सकडे जातात. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे, मॅन्टल सेल आणि सीएलएलवाल्यांनी ही टेस्ट पहिल्या उपचाराच्या आधी झालीय का हे विचारावंच, लाजू नये.

या टेस्ट केमो सुरू झाल्यावर केल्या तर नाही का चालत?

बघा, काही वेळा चालतात, पण केमो लागू पडली की तपासायला गाठच उरत नाही, आणि मग सगळं त्या पहिल्या तुकड्यावर येऊन थांबतं. तो तुकडा म्हणजे काय ते मी हातात घेऊन बघितलंय. काडेपेटीपेक्षाही लहान प्लॅस्टिकची जाळीदार डबी, तिच्यावर पांढरं मेण, आणि मेणात तांदळाच्या दाण्यासारखे दोन-तीन करडे ठिपके, कडेला पेन्सिलीने लिहिलेला नंबर. याला ब्लॉक म्हणतात. त्यातून केसापेक्षा पातळ काप काढून काचेवर घेतात, प्रत्येक टेस्टला काही काप लागतात आणि काप संपले की विषय संपला.

बाबांच्या मानेत गाठ आली तेव्हा नुसत्या सुईच्या टेस्टवर टीबी ठरवून तीन महिने टीबीच्या गोळ्या दिल्या गेल्या. गाठ वाढतच गेली, मग काढून तपासायचं ठरलं, आणि ज्या ठिकाणी ऑपरेशन झालं तिथे तुकडा फॉर्मेलिनऐवजी (तुकडा टिकवणारं द्रावण) सलाईनमध्ये ठेवला गेला, रात्रभर. सकाळी लॅबमध्ये गेला तोपर्यंत पेशी खराब झालेल्या, लिम्फोमा आहे इतकं कळलं पण फिशचे सिग्नलच येईनात. परत दुसरी गाठ काढावी लागली काखेतली, यात पाऊण महिना गेला. म्हणून मी सगळ्यांना सांगते की नुसत्या सुईवर थांबू नका, शक्य असेल तर पूर्ण गाठ, नाहीतर जाड सुईचा तुकडा, आणि ऑपरेशनच्या आधी सिस्टरना नम्रपणे विचारा की तुकडा फॉर्मेलिनमध्ये जाणार ना. बाटली बाजारातून आणायला तुम्हालाच पाठवलं तर १० टक्के बफर्ड फॉर्मेलिन असं लिहून घेऊन जा.

हॉजकिनमध्ये पण हे सगळं लागू आहे का?

हॉजकिन हा लिम्फोमाचाच एक वेगळा गट, त्याची तऱ्हा वेगळी. त्यातल्या बऱ्याचशा पेशींमध्ये ९व्या क्रोमोझोमच्या एका भागाच्या जास्तीच्या कॉप्या असतात, त्यामुळे पेशीच्या अंगावर पीडी-एल१ नावाची ढाल खूप तयार होते आणि शरीराची स्वतःची फौज फिरकतच नाही. ती ढाल निकामी करणारं निवोलुमॅब हॉजकिनमध्ये म्हणूनच इतकं चांगलं चालतं. २०२४ मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात आजार बराच पसरलेल्या पेशंटना एव्हीडी नावाच्या तीन औषधांच्या केमोबरोबर निवोलुमॅब दिलं तर दोन वर्षांनी ९२ टक्के जण आजार न वाढता होते, त्याऐवजी ब्रेन्टुक्सिमॅब हे दुसरं औषध दिलेल्यांत ८३ टक्के. पण हॉजकिनमध्ये यासाठी वेगळी जीन टेस्ट सहसा लागत नाही.

आता आपल्या स्वतःच्या जीन्सचं सांगा. बाबांच्या हातापायाला एवढ्या मुंग्या आल्या की शर्टाची बटणं लावता येईनात, बाकीच्यांना एवढं होत नाही.

मुंग्या येतात त्या मुख्यतः विनक्रिस्टिनमुळे. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आणि ती कुठल्याही लॅबशिवाय कळते. घरात कोणाच्या पोटऱ्या खूप बारीक, पावलांची कमान उंच, चालताना पाय अडकून पडणं असं पिढ्यान्‌पिढ्या असेल तर पहिल्या केमोच्या आधी डॉक्टरांना सांगा. शार्को-मारी-टूथ नावाचा नसांचा आनुवंशिक आजार असतो, त्याच्या नेहमीच्या प्रकारात पीएमपी२२ जीनची एक जास्तीची कॉपी असते, आणि अशा माणसाला विनक्रिस्टिन दिलं तर एक-दोन डोसातच हातपाय लुळे पडू शकतात. कितीतरी जणांना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नसतं, घरात सगळ्यांचे पाय असेच म्हणून सोडून दिलेलं असतं. दुसरं जीन्सचं नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही: बुरशीसाठीच्या इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल या गोळ्या विनक्रिस्टिनचं शरीरातलं विघटन अडवतात आणि मुंग्या, बद्धकोष्ठता भयंकर वाढते, आणि नायट्यासाठी इट्राकोनाझोल आपल्याकडे लोक मेडिकलवाल्याकडून परस्पर घेतात. केमो चालू असताना हे अजिबात करू नका.

लाल औषधाने हृदयावर परिणाम होतो त्यातही माणसामाणसात फरक आहे, काही जीन्स सापडलेत पण रोजच्या कामात त्यांच्या टेस्टवर डोस ठरत नाही, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि आयुष्यभरात मिळालेला एकूण डोस यावरच लक्ष ठेवतात. रिटुक्सिमॅबचं म्हणाल तर ते आपल्या संरक्षक पेशींना गाठीवर बोलावतं, त्या पेशी औषधाला जिथे पकडतात ती कडी काहींची घट्ट असते, काहींची सैल, जन्मतःच. २००२ मध्ये फ्रान्समध्ये फॉलिक्युलर नावाच्या हळू वाढणाऱ्या लिम्फोमाच्या ४९ पेशंटवर नुसतं रिटुक्सिमॅब देऊन बघितलं होतं, घट्ट कडीवाल्या सगळ्यांनी दाद दिली, बाकीच्यांत ६७ टक्क्यांनी. केमोबरोबर दिलं की हा फरक बराचसा पुसट होतो, म्हणून ही टेस्टही कोणी सांगत नाही.

मग रक्ताची एकही जीन टेस्ट कामाची नाही का?

आहे ना, दोन आहेत. पहिली जी६पीडी (लाल पेशींना जपणारं एक एन्झाइम), स्वस्त आणि बहुतेक ठिकाणी होणारी. मोठी किंवा झपाट्याने वाढणारी गाठ केमोने एकदम फुटली की युरिक ॲसिड वाढून किडनी बंद पडू शकते, ते उतरवायला रासब्युरिकेज देतात, आणि त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ज्यांच्यात जी६पीडी कमी असतं त्यांच्या लाल पेशी ते सोसू शकत नाहीत, पटापट फुटतात. आपल्याकडे पारशी आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता जास्त आहे, आणि ती मुख्यतः पुरुषांत दिसते. रक्त चढवल्यावर ही टेस्ट केली तर दात्याच्या पेशींमुळे खोटी नॉर्मल येऊ शकते, तेव्हा आधी टेस्ट मग रक्त.

दुसरी एनयूडीटी१५ आणि टीपीएमटी या दोन जीन्सची, पण ती फक्त लिम्फोब्लास्टिक नावाच्या लिम्फोमावाल्यांना, ज्यांना दीड-दोन वर्षं ६-एमपी या केमोच्या औषधाच्या गोळ्या घ्यायच्या असतात आणि त्यात मुलं, तरुण पोरं जास्त. यात फरक असेल तर नेहमीच्या डोसलाच पांढऱ्या पेशी तळाला जातात, ताप, ॲडमिट, गोळ्या बंद, परत चालू, परत ताप. पाश्चात्त्य लोकांत टीपीएमटीचं जास्त बोललं जातं पण भारतीयांत एनयूडीटी१५चा फरक जास्त सापडतो, म्हणून दोन्ही तपासून घ्या. आणि अशा वेळी डोस कमी केला म्हणजे उपचार अर्धवट होतात असं नाही, त्या मुलाच्या शरीराला तेवढाच डोस पुरेसा असतो.

लॅबवाल्याने "केमो जीन पॅकेज" सांगितलंय, हजारोंचं. घेऊ का?

डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलं नसेल तर मी घेणार नाही. अशा पॅकेजमध्ये डीपीवायडीसारखे जीन्स असतात जे ५-एफयूसाठी, म्हणजे आतडं, पोट वगैरेंच्या कॅन्सरच्या औषधासाठी महत्त्वाचे, आणि लिम्फोमाच्या नेहमीच्या केमोत ते औषधच नसतं. तेच पैसे फिशला, चांगल्या हिमॅटोपॅथॉलॉजिस्टकडून (रक्ताच्या कॅन्सरचे तुकडे तपासणारे डॉक्टर) स्लाइड परत बघून घ्यायला वापरा. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी बाहेरच्या स्लाइड-ब्लॉकवर दुसरं मत मिळतं, आणि कधीकधी आजाराचं नावच बदलून येतं.

वडिलांच्या गाठीत म्युटेशन निघालं, आम्हा भावंडांना होईल का?

गाठीतले बिघाड गाठीपुरते, ते वारशात येत नाहीत. जवळच्या नात्यात लिम्फोमा असेल तर धोका किंचित वाढतो, पण मुळात प्रमाणच कमी असल्याने मुलांनी टेस्ट करत बसायची गरज नाही.

जीन्स खराब निघाले, केमोने दाद दिली नाही. मग पुढे काय, संपलं?

संपलं नाही. केमोचा रस्ता बंद झाला तरी पेशीच्या अंगावरची सीडी१९ची खूण बहुतेक वेळा तशीच असते, आणि कार-टी उपचारात पेशंटच्याच टी-पेशी (शरीराच्या संरक्षक पेशी) काढून त्यांना ती खूण ओळखायला शिकवून परत सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून तयार झालेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली, परदेशातल्या खर्चाच्या मानाने बराच कमी खर्च, तरी लाखांतच आहे. टीपी५३ बिघडलेल्यांत यालाही यश थोडं कमी मिळतं, पण दार उघडं आहे, आणि पेशंटमध्ये ताकद असेपर्यंत विचारायला जावं. म्हणूनच दोन किंवा चार सायकलनंतरचा पेट स्कॅन चुकवू नका, त्यातला डोव्हिल स्कोअर (गाठ अजून किती जिवंत दिसते त्याचा १ ते ५ आकडा, ५ म्हणजे सगळ्यात वाईट) ५ आला तर शेवटच्या सायकलची वाट बघत बसायचं नसतं.

ब्लॉक हॉस्पिटलकडून मागता येतो का? घरी कसा ठेवायचा?

मागता येतो. अर्ज लिहून, पेशंटच्या ओळखपत्राची झेरॉक्स लावून हिस्टोपॅथॉलॉजी विभागात द्यायचा, नंबर रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात असतो तोच ब्लॉकवर आहे ना ते काउंटरवरच ताडून बघा. एकापेक्षा जास्त ब्लॉक असतील तर कुठल्यात गाठ जास्त आहे ते विचारून त्यावर खूण करून घ्या. स्लाइडची काच फुटते, कडक डबीत न्या. आणि ब्लॉक मेणाचा आहे हे विसरू नका, एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा एसटीच्या इंजिनाजवळ ठेवू नका. आमच्याकडे तो कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, कपाटात खालच्या कप्प्यात असतो, डब्यावर बाबांचं नाव, ब्लॉकचा नंबर आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवलीय, म्हणजे मी घरी नसले तरी कोणालाही सापडेल.